न दिसणाऱ्या धुराचा हिशेब

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि देशातील कोळशावर चालणाऱ्या बहुसंख्य वीजकेंद्रांना, धुरातील गंधकाचा वायू काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याच्या सक्तीतून मोकळे केले. त्यावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण मुळातच कमी असते, मग ग्राहकावर हा खर्च कशासाठी लादायचा, असे एका पक्षाचे म्हणणे. दहा वर्षे मुदतवाढ देत राहायचे आणि शेवटी नियमच सोडून द्यायचा, ही कोणती रीत, असा दुसऱ्या पक्षाचा सवाल. या वादाचा निवाडा हा स्वतंत्र विषय आहे. मात्र या गदारोळात एका गोष्टीची फारशी चर्चाच झाली नाही. ज्या अधिसूचनेने डिसेंबर २०१५ मध्ये गंधकाच्या वायूवर मर्यादा घातली होती, तिनेच आणखी एका वायूसमूहाला वेसण घातली होती. ती वेसण ऑक्टोबर २०२० मध्येच सैल करण्यात आली. तेव्हा ना मोर्चे निघाले, ना अग्रलेख लिहिले गेले. नायट्रोजनची ऑक्साइडे हे त्या वायूसमूहाचे नाव.

प्रदूषण म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे काळा धूर येतो. चिमणीतून काळे लोट निघू लागले की गावकरी तक्रार करतात, बसच्या नळकांड्यातून काजळी उडाली की मागचा दुचाकीस्वार रुमाल नाकाला लावतो. पण डोळ्यांना दिसते ते राखेचे वा काजळीचे कण असतात. नायट्रोजनची ऑक्साइडे चिमणीतून वा इंजिनातून बाहेर पडतात तेव्हा ती बहुतांशी रंगहीन असतात. ज्या चिमणीकडे पाहून ‘आता धूर येत नाही, हवा सुधारली’ असे समाधान मानले जाते, त्याच चिमणीतून हा वायू अव्याहत बाहेर पडत असू शकतो. जे दिसत नाही त्याची तक्रार होत नाही आणि ज्याची तक्रार होत नाही त्याची दखलही घेतली जात नाही. आपल्या सार्वजनिक जीवनाचा हा जुनाच नियम येथेही लागू पडला आहे.

या वायूचे जन्मरहस्य समजून घेतले म्हणजे त्याचा बंदोबस्त वेगळ्या रीतीने का करावा लागतो, हे उमगते. गंधक इंधनात असते. इंधनातून ते काढून टाकले तर गंधकाचा वायू निघत नाही. नायट्रोजनचे तसे नाही. ज्या हवेत आपण श्वास घेतो तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के प्राणवायू असतो. हे दोन्ही वायू सामान्य तापमानाला एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. परंतु ज्वालेचे तापमान सुमारे १,३०० अंश सेल्सिअसच्या पुढे चढू लागले की त्यांचा संयोग होऊ लागतो, आणि तापमान वाढेल तसा त्याचा वेगही झपाट्याने वाढतो. कोळशाच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते, कारण कोळशाच्या अंगातच थोडा नायट्रोजन असतो आणि जळताना तोही ऑक्साइडाच्या रूपाने बाहेर येतो. म्हणजे इंधन कितीही शुद्ध असले, अगदी नैसर्गिक वायू असला, तरी तीव्र आचेवर जाळले की हा वायू निर्माण होणारच. दोष केवळ इंधनात नाही, जाळण्याच्या रीतीतही आहे. म्हणूनच ती रीत सुधारणे हा त्यावरचा पहिला उपाय ठरतो.

या वायूचे उपद्रव तीन प्रकारचे. त्यातील नायट्रोजन डायऑक्साइड श्वसनमार्गाला थेट इजा करतो. दमेकरी आणि लहान मुले यांना त्याचा त्रास अधिक. हवेतील अमोनियाशी संयोग पावून तो नायट्रेटचे अतिसूक्ष्म कण बनवतो आणि हे कण फुप्फुसांत खोलवर जातात. म्हणजे जो वायू म्हणून चिमणीतून सुटला तो कण होऊन माणसाच्या छातीत उतरतो. तिसरा उपद्रव सर्वांत फसवा. सूर्यप्रकाशात हा वायू आणि इंधनांच्या वाफा यांच्या प्रक्रियेतून जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर जो ओझोन आपले रक्षण करतो, तोच नाकातोंडापाशी आला की विष ठरतो.

हा तिसरा प्रकार जगाला प्रथम उमगला तो अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात. १९४३ च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारे धुके उतरले. महायुद्ध चालू होते, त्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. शत्रू बाहेरचा नव्हता. कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट हे मूळचे अननसाच्या स्वादद्रव्यांचे अभ्यासक. त्यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की, मोटारी व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की हे धुके जन्माला येते. ज्या शहराला आपल्या लख्ख उन्हाचा अभिमान होता, त्याच शहरात ऊन विषाचे निमित्त झाले. भारतात ऊन कमी नाही, वाहनेही कमी नाहीत. लॉस एंजेलिसचा तो धडा आपल्यासाठी परका मानण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. भर शहरात, जेथे हा वायू ताजा असतो, तेथे तो ओझोनला काही काळ खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर दूर गेल्यावर मात्र ओझोनचे प्रमाण वाढते. त्यामुळे शहरात आणि चिमणीपाशी जन्मलेले विष पुष्कळदा गावाच्या शिवारात फुलते. गहू आणि सोयाबीन ही ओझोनला विशेष नाजूक असलेली पिके. पानांवर रोग नाही, कीड नाही आणि तरीही उतारा घटला, तर शेतकरी दोष देणार तो बियाण्याला किंवा नशिबाला. कित्येक कोसांवरच्या धुराड्यावर त्याचा संशय जाणार नाही. शहरी माणसाच्या सोयीची किंमत न कळत खेड्याने मोजावी, हा या प्रश्नातील अन्याय आहे.

आता कायद्याकडे वळू. ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी तीन पायऱ्या ठरविल्या. २००३ अखेरपर्यंत उभारलेल्या संचांना प्रति घनमीटर ६०० मिलिग्रॅम, २००४ ते २०१६ या काळातील संचांना ३०० आणि १ जानेवारी २०१७ पासूनच्या संचांना १००. जुन्यांना सवलत, नव्यांवर कडक बंधन, असा हा व्यवहार्य आराखडा होता. पूर्ततेसाठी दोन वर्षांची मुदत होती. दोन वर्षांनी ती २०२२ पर्यंत लांबली. ऑक्टोबर २०२० मध्ये मधल्या पायरीची मर्यादा ३०० वरून ४५० करण्यात आली. एका फटक्यात दीडपट! २०२१ मध्ये केंद्रांची त्यांच्या स्थानानुसार तीन गटांत विभागणी झाली आणि मुदती पुन्हा पुढे गेल्या. यातील शेवटची मुदत ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली. गंधकाच्या वायूसाठी त्यानंतरही मुदतवाढ आणि सूट मिळाली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा मात्र, सैल का होईना, आज लागू आहे. प्रश्न असा की, ती पाळली जाते की नाही, हे विचारतो कोण?

महाराष्ट्रातील उदाहरण पाहावे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक वीजकेंद्र हे राज्याच्या विजेचा मोठा आधार. तेथील जुने संच १९८० आणि १९९० च्या दशकांतले, तर ५०० मेगावॉटचे दोन नवे संच २०१६ मध्ये सुरू झाले. एकाच आवारात, एकाच आकाशाखाली जुन्या संचांना ६०० ची मर्यादा आणि नव्यांना आधी ३०० ची व नंतर ४५० ची. राज्यातील घराघरांत दिवे लागतात, कारखाने चालतात, त्यामागे चंद्रपूरसारख्या गावांची छाती काळवंडलेली असते. त्या गावांचे ऋण मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने कधीतरी मान्य करायला हवे, आणि ऋण मान्य करण्याची पहिली पायरी म्हणजे त्यांच्या हवेचा हिशेब मागणे.

याच पाच वर्षांत, याच देशात, याच वायूच्या बाबतीत घडलेली दुसरी गोष्ट तितकीच बोलकी आहे, आणि ती अभिमानाची आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ठरविले की, वाहनांसाठी ‘भारत स्टेज ५’ ही पायरी ओलांडून देश थेट ‘भारत स्टेज ६’ वर जाईल, आणि तेही १ एप्रिल २०२० पासून. अनेकांनी मान हलविली. वाहन उद्योगाने अडचणींचा पाढा वाचला. परंतु ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की, त्या तारखेनंतर जुन्या मानकाची वाहने विकता येणार नाहीत. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी हजारो कोटी रुपये खर्चून डिझेल व पेट्रोलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांपर्यंत खाली आणले. कारण गंधक जास्त असेल तर धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक यंत्रे नीट चालत नाहीत. डिझेल मोटारीला प्रति किलोमीटर ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती, ती ०.०८ ग्रॅमवर आली. अवजड वाहनांच्या इंजिनांची मर्यादा तर जवळपास एक नवमांश झाली. युरोपला ज्या प्रवासाला बरीच अधिक वर्षे लागली, तो भारताने ठरलेल्या तारखेला पूर्ण केला.

मग वाहनांना जे जमले ते वीजकेंद्रांना का जमू नये? याचे उत्तर तंत्रज्ञानात कमी आणि व्यवस्थेत अधिक आहे. वाहनांच्या बाबतीत तारीख पक्की होती, न्यायालयाचा पहारा होता आणि विक्रीआधी प्रत्येक नमुन्याची तपासणी होती. नियम मोडणारे वाहन बाजारातच येऊ शकत नव्हते. वीजकेंद्रांच्या बाबतीत पुष्कळदा केंद्राचा मालक सरकार, वीज विकत घेणारी कंपनी सरकारची आणि तपासणारे मंडळही सरकारचेच. वितरण कंपन्या तोट्यात, दरवाढ म्हणजे राजकीय जोखीम, आणि बंद करावे तर अंधार. अशा वेळी कुंपणानेच शेत खाल्ले तर फिर्याद कोणाकडे न्यायची? मुदत चुकविणाऱ्या केंद्रासाठी भरपाईची तरतूद आहे, पण ती प्रति युनिट पैशांत मोजावी अशी. दंड भरणे हे यंत्रणा बसविण्याहून स्वस्त पडत असेल, तर तो दंड न राहता परवानाशुल्क बनतो.

वीज उद्योगाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळ असते. धुरात अमोनिया सोडून उत्प्रेरकाच्या साहाय्याने नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन व पाण्यात रूपांतर करण्याची जी पद्धत जपानने १९७० च्या दशकात व्यवहारात आणली, तिची कार्यक्षमता ८० ते ९० टक्के असली तरी राखेच्या माऱ्याने तिचा महागडा उत्प्रेरक झिजतो. शिवाय सौर विजेचा वाटा वाढल्यापासून दुपारी औष्णिक संच कमी भारावर चालवावे लागतात, आणि त्या स्थितीत ज्वलनाचा तोल राखणे कठीण जाते. हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु ते पूर्ण सत्यही नाहीत. ३०० वा ४५० ची मर्यादा गाठण्यासाठी प्रत्येक ठिकाणी उत्प्रेरकच लागतो असे नाही. भट्टीत सगळी हवा एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्यायची, म्हणजे ज्वालेचा सर्वांत तप्त भाग थंडावतो आणि प्राणवायूही तेथे कमी पडतो. त्यासाठी खास रचनेचे बर्नर आणि ज्वालेच्या वरच्या बाजूने हवा सोडणारी द्वारे बसवावी लागतात. एवढ्यानेच हा वायू साधारण ३० ते ५० टक्क्यांनी घटतो. या सुधारणेचा खर्च उत्प्रेरक यंत्रणेच्या मानाने बराच कमी असतो आणि संचाच्या नियोजित देखभालीच्या काळात ती करता येते.

जगाने हे केले आहे. आपली अरण्ये वाळू लागल्याचे पाहून पश्चिम जर्मनी १९८० च्या दशकात जागा झाला. मोठ्या वीजकेंद्रांसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा त्याने ठरविली आणि दशक संपता संपता आपली बहुतेक मोठी केंद्रे त्या पंक्तीत आणून बसविली. चीनने २०११ मध्ये १०० ची मर्यादा घातली आणि २०१४ पासून ती ५० पर्यंत खाली नेण्याची मोहीम हाती घेतली. चीनची राज्यपद्धती आपल्याला नको, पण ठरविलेली तारीख पाळण्यासाठी हुकूमशाहीच लागते असे म्हणणे हा लोकशाहीचा अपमान ठरेल. भारत स्टेज ६ च्या रूपाने आपण त्याचा पुरावा दिलाच आहे. आपला कोळसा वेगळा असेल तर त्या कोळशाला टिकणारा उत्प्रेरक आपल्याच प्रयोगशाळांनी घडवायला हवा. परक्या देशाच्या कोळशासाठी बनलेले यंत्र आपल्याकडे चालत नाही, ही तक्रार करीत बसणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. आपल्या अडचणीवर आपले उत्तर शोधणे म्हणजे स्वावलंबन.

वाहनांच्या यशानेही हुरळून जाण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचे बिंग अमेरिकेत फुटले. तिच्या डिझेल मोटारींतील संगणकाला परीक्षा चालू असल्याचे ओळखता येत होते. परीक्षेपुरती गाडी सभ्यपणे वागे आणि रस्त्यावर आली की मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजनची ऑक्साइडे सोडी. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ही लबाडी होती. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने भारतात तपासणी केली आणि त्या वर्षअखेरीस कंपनीला येथील तीन लाखांहून अधिक मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. प्रयोगशाळेतल्या आकड्यावर विसंबू नये, हा त्यातला धडा. भारताने एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाचा निकष लागू केला, ही म्हणूनच स्वागतार्ह गोष्ट होय.

पण ही सारी तपासणी नव्या गाडीची. एकदा गाडी दारात आली की तिचे पुढे काय होते? दर वर्षी पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीवर जाऊन घेतले जाणारे पीयूसी प्रमाणपत्र घराघरांत ठाऊक आहे. त्या तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन मोजले जाते, डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजला जातो. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जातच नाहीत! ट्रकमधील शुद्धीकरण यंत्रणेला लागणारे युरियाचे द्रावण वाचविण्यासाठी कोणी ती यंत्रणा निकामी करून ठेवली, तरी पीयूसीच्या कागदावर त्याचा मागमूस उमटणार नाही. राष्ट्राने हजारो कोटी खर्चून आणलेली सुधारणा चार पैशांच्या लोभाने धुरात जाऊ शकते, आणि आपण प्रमाणपत्र काचेला चिकटवून निश्चिंत राहतो.

हेच राष्ट्रीय पातळीवरही दिसते. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः धूलिकणांच्या मापाने जोखली गेली. परिणामी महापालिकांनी रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाण्याचे फवारे घेतले. धूळ खाली बसली तर चांगलेच, पण फवाऱ्याने नायट्रोजन डायऑक्साइड खाली बसत नाही. भारताच्या २००९ च्या मानकानुसार निवासी भागातील हवेत या वायूचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस १० वर आणली. एकाएकी तेथे पोहोचावे असा आग्रह कोणी धरणार नाही, परंतु निदान त्या दिशेने तोंड तरी असावे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत आणि त्या अवाजवी नाहीत. वीजकेंद्रांच्या चिमण्यांवर बसविलेल्या सतत मापन यंत्रांची नोंद प्रत्येक संचानुसार सामान्य माणसाला वाचता येईल अशा रीतीने जाहीर व्हावी. लागू झालेली मर्यादा पुन्हा सैल होणार नाही, हे सरकारने ठामपणे सांगावे. दंडाची रक्कम यंत्रणेच्या खर्चाहून जड असावी. स्वच्छ हवेच्या पुढील कार्यक्रमात धुळीबरोबर या वायूचेही उद्दिष्ट असावे. पीयूसी तपासणीत त्याचा समावेश व्हावा, निदान अवजड वाहनांपासून आरंभ व्हावा.

समाजाच्या हातातही काही आहे. गृहनिर्माण संस्थेचा डिझेल जनित्रसंच बदलायची वेळ आली की, जुलै २०२३ पासूनच्या कडक मानकाचाच संच घ्यावा, जुना स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. शाळेच्या फाटकापाशी मुलांची वाट पाहत इंजिन चालू ठेवणाऱ्या पालकाला कोणीतरी नम्रपणे सांगावे. वीजकेंद्राच्या परिसरात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात उत्सर्जनाची नोंद मागवावी आणि गावाच्या चावडीवर ती वाचून दाखवावी. यात आंदोलनाचा आवेश नको, सातत्य हवे. हिशेब मागणारा एक माणूस दर महिन्याला दारात उभा राहतो, हे कळले की कोणत्याही कार्यालयाची वागणूक सुधारते.

दिसणाऱ्या धुराशी लढणे सोपे, कारण तो स्वतःच आपल्याविरुद्ध साक्ष देतो. न दिसणाऱ्या धुराविरुद्ध साक्ष देते ते फक्त मोजमाप, आणि मोजमापाला धार येते ती पाळल्या जाणाऱ्या तारखेने. १ एप्रिल २०२० ही तारीख देशाने पाळली, म्हणून आज नव्या गाडीचा धूर निवळला. डिसेंबर २०१७ ही तारीख पाळली गेली नाही आणि तिच्या मागोमाग आणखी कित्येक तारखा वाहून गेल्या. कायद्यातील तारीख म्हणजे शासनाने समाजाला दिलेला शब्द असतो. चंद्रपुरात दम लागलेल्या मुलाला नियमाचे कलम कळत नाही. त्याच्या वतीने तो शब्द लक्षात ठेवण्याचे काम मात्र शहाण्या समाजाचे आहे.